खाली ठेवलेली रजई

विद्याधर नगर, जयपूर
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय अपू,

पाकीट बघून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. आई बाहेर उन्हात बसली आहे आणि मी तिच्या शेजारी, तुझं शाळेतलं परीक्षेचं पॅड मांडीवर घेऊन लिहितो आहे. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? माझं वाक्य निम्म्यावर आलं की "हां बाबा, मतलब, आलं लक्षात" म्हणून पुढचं तूच बोलून टाकतेस. आणि आज जे सांगायचं आहे त्यात मला मधेमधे थांबावं लागणार आहे. फोनवर मी थांबलो की रेंज गेली समजून तू "हॅलो, हॅलो" सुरू करतेस. तेव्हा पत्रच बरं. तुझं मराठी वाचन हिंदी शाळेतलं, कुठे अडलीस तर कैवल्यला विचार. पुण्याचा जावई केला, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे. अक्षराबद्दल मात्र मी काही ऐकून घेणार नाही. जन्मभर फळ्यावर रसायनशास्त्र लिहिलं आहे.

काल रजया उतरवल्या. तू मला शिडीवर चढायची बंदी केली आहेस हे लक्षात होतं, म्हणून शेजारच्या माथुरजींना शिडी धरायला बोलावलं आणि वर मीच चढलो. आता सांगून टाकतो, ओरडायचं ते पुढच्या फोनवर ओरड. रजया गच्चीत उन्हाला टाकल्या आणि त्यांच्याकडे बघत बसलो असताना तुझा जूनमधला मेसेज आठवला. "बाबा, एक रजई खाली ठेवली आहे." एवढाच मेसेज होता, आणि मी त्याला उत्तर म्हणून नुसता पिवळा अंगठा पाठवला होता. लेकीने एवढं मोठं काम करावं आणि बापाने अंगठा दाखवावा, हे काही बरं नाही. त्या अंगठ्यामागे काय काय होतं, ते तुला अजून ठाऊक नाही.

मागच्या एका दिवाळीत तू आली होतीस आणि आईच्या कपाटातली एक हार्ड डिस्क टकटक करायला लागली होती, आठवतं? आईचं बगरू गावातलं सगळं काम त्या डिस्कांमध्ये होतं. कॉलेजात वस्त्रकला शिकवता शिकवता तिने सगळ्या सुट्ट्या बगरूला घालवल्या. कापड छापणाऱ्या छिप्यांच्या घरी जाऊन लाकडी ठशांचे फोटो काढले, रंगाच्या कुंड्यांशेजारी बसून म्हाताऱ्या कारागिरांना बोलतं केलं आणि ते सगळं रेकॉर्ड करून ठेवलं. मी तिचा बिनपगारी केमिस्ट. लोखंडाचे तुकडे आणि गूळ कुजवला की काळा रंग का होतो, कापड आधी हिरड्याच्या पाण्यात का बुडवायचं, एवढं सांगायचं आणि बाकी वेळ कॅमेऱ्याची तिवई धरून उभं राहायचं. प्रत्येक मुलाखत ती एकाच प्रश्नाने सुरू करायची. "भाईसाब, ये काम आपको किसने सिखाया?" मी तिला चिडवायचो की बाई गं, रंगाचं विचार, ठशाचं विचार, हे रोज रोज काय? तर म्हणायची, माणूस आधी शिकवणाऱ्याचं नाव घेतो आणि मग खरं बोलायला लागतो. पुढे पुढे तर ती रिक्षावाल्याला आणि कचोरीवाल्यालाही हाच प्रश्न विचारायला लागली. बगरूचे म्हातारे कारागीर घीसालालजी, त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी आधी हात पुसले, गुरूचं नाव घेताना लावतात तसं कानाच्या पाळीला बोट लावलं आणि मग म्हणाले, "हाथ तो दादोसा को छै, म्हारो तो बस ठप्पो छै." हात आजोबांचा, आपला नुसता ठसा. त्या दिवशी बगरूहून येताना बसमध्ये आई स्वतःशीच ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती.

तर ते सगळं एका टकटकणाऱ्या डबीच्या भरवशावर होतं, आणि तू, ऑफिसात क्लाउडच्या खर्चाचाच हिशेब बघणारी, म्हणालीस, क्लाउडवर ठेवू. जयपूरच्या माणसाला ढगांचा भरवसा वाटावा तरी कसा? इथे ढग येतो, तोंड दाखवतो आणि दुसऱ्याच्या गावात जाऊन पडतो. पण तू जेवणाच्या टेबलावर बसून मला समजावलंस, आणि खरं सांगू, तुझ्यासारखं समजावून सांगणारी माणसं मी आमच्या कॉलेजातही फार थोडी पाहिली. क्लाउडमध्ये कप्पे असतात. पहिला कप्पा हाताशी: केव्हाही उघडा, पण दर महिन्याचं भाडं जास्त. मधल्या कप्प्याला भाडं कमी, पण प्रत्येक वेळी उघडण्याचे पैसे. आणि शेवटचा म्हणजे थेट माळाच. भाडं नावापुरतं, पण वस्तू हवी झाली तर आधी मागणी नोंदवायची, अर्धा दिवस, कधी दोन दिवस थांबायचं, आणि उतरवण्याचे पैसे वेगळे द्यायचे. शिवाय ठरलेल्या मुदतीआधी काढून टाकलं तरी मुदत भरेपर्यंतचं भाडं चुकत नाही. मी म्हटलं, म्हणजे आपल्या रजयांसारखंच की! होळी झाली की माळ्यावर, दिवाळी झाली की खाली. तू म्हणालीस, हां बाबा, तसंच.

मग तू मला दोन प्रश्न विचारलेस. हे तुम्ही कितीदा उघडणार? आणि उघडायची वेळ आलीच, तर किती थांबू शकाल? हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत, असंही बजावलंस. लोक पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात आणि दुसऱ्याचं त्यातच आलं असं समजतात, तिथे फसतात. मी छाती काढून सांगितलं, उघडणार क्वचित, आणि थांबायचं म्हणशील तर महिनाभर थांबू, बगरूचे ठसे काय पळून जाताहेत? तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "एक रजई खाली राहू दे गं." तिची सवय तुला माहीत आहे. सगळ्या रजया वर गेल्या तरी एक ती दिवाणात ठेवायची, भर मे महिन्यातसुद्धा. तू लहान असताना तुला मलेरियाची थंडी भरली होती आणि मी शिडी शोधत घरभर फिरत होतो, तेव्हापासूनची ही सवय. मी ते हसण्यावारी नेलं. सगळंच्या सगळं माळ्यावर गेलं. महिन्याचा खर्च एका कचोरीहून कमी आला म्हणून मी तुझी पाठही थोपटली.

त्यानंतर मी जो पराक्रम केला, तो तू मिरजेच्या मामापर्यंत पोचवलास, म्हणून लपवण्यात अर्थ नाही. दसरा झाला की आई ट्रंकेतली जुनी कापडं काढून सावलीत हवेवर टाकते आणि परत ठेवताना जुन्या घडीवर घडी येऊ देत नाही. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलं तर कापड तिथेच चिरतं. इतकी वर्षं तिच्याबरोबर चादरींची टोकं धरून मलाही ती शिस्त लागलेली. मला वाटलं, हेही तिचंच काम, नुसतं कोंडून कसं ठेवायचं? म्हणून मी दर महिन्याला ठशांच्या फोटोंचा एक गठ्ठा मागवायचो, आला की नीट बघायचो, जुना काढून टाकायचो आणि नव्याने ठेवायचो. बिल आलं तेव्हा तुझा फोन. "बाबा, मतलब, तुम्ही नक्की करताय काय?" मी म्हटलं, हवा देतोय. पलीकडून बराच वेळ काही ऐकू येईना. मला वाटलं फोन कटला. तू तोंडावर हात ठेवून हसत होतीस आणि मागे कैवल्य खुर्चीवरून पडायच्या बेतात होता. तिथे घडी पडत नाही, कसर लागत नाही, प्रती दोन-चार ठिकाणी असतात आणि त्या शाबूत आहेत की नाही हे तेच लोक बघतात, हे तू मला नंतर शांतपणे सांगितलंस. तुम्ही फक्त शिडीचं भाडं भरताय बाबा, म्हणालीस. इकडे आईही ते ऐकून पोट धरून हसली. तिला इतकी हसताना मी तेव्हाच शेवटची पाहिली.

मग यंदाची होळी आली. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी चहा गाळताना आईच्या उजव्या हातातून गाळणी सुटली. काय झालं म्हणून मी विचारलं, तर तिने सांगायला तोंड उघडलं आणि शब्दच आले नाहीत. पुढचं तू पाहिलं आहेस. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतं, शब्द सापडत नाहीत. तुझं नाव तिला सापडेना म्हणून ती तुझ्या बांगडीला बोट लावत राहिली, तेव्हा तू बाहेर जाऊन उभी राहिलीस आणि मी आत. ती घरी यायच्या आधी तू रजया वर टाकल्यास आणि एक दिवाणात ठेवलीस. ते मी पाहिलं होतं.

तू गेल्यावर अक्षदा यायला लागली, बोलण्याचे व्यायाम घ्यायला. झोटवाड्याहून स्कूटीवर येते. तिचे वडील दशरथजी रेल्वेत, भुसावळहून बदलीवर आले आणि इथलेच झाले. जयपुरात मराठीतून बोलायला शिकवणारी मुलगी मिळाली, हे आमचं नशीब, असं मी तिला म्हटलं, तर म्हणते, "नशीब काय सर, बदलीची ऑर्डर." पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "मॅडमचा स्वतःचा आवाज कुठं रेकॉर्ड केलेला आहे का? टीव्ही लावून काय होत नाही. त्यांचंच बोलणं त्यांना ऐकवू, सोबत म्हणायला लावू. मतलब, होईलच असं नाही सर, पण करून बघू." आणि जाताना दारात थांबून म्हणाली, "सोबत म्हटलेलं वाक्य आलं तरी ते पाठांतर समजायचं. ज्या दिवशी त्या स्वतःच्या मनानं, कुठं न ऐकलेलं वाक्य बोलतील, त्या दिवशी मला फोन करा. हातातलं काम टाकून येते." तेव्हापासून या घराचं सगळं लक्ष त्या एका वाक्याकडे लागलं होतं. तुला फोनवर मी "बरं चाललंय" म्हणायचो, त्याचा अर्थ अजून आलेलं नाही, एवढाच होता.

आवाज कुठे आहे, हे मला ठाऊकच होतं. माळ्यावर. घीसालालजींच्या मुलाखतीची मागणी नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी ती आली. आईला दिवाणावर बसवलं, समोर लॅपटॉप ठेवला. पडद्यावर घीसालालजींचा रंगाने काळा पडलेला हात दिसत होता, आणि मागून आईचा आवाज आला, खणखणीत, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा. "भाईसाब, ये काम आपको किसने सिखाया?" आईने इकडे तिकडे पाहिलं. मग तिला कळलं की ही आपणच. तिचा चेहरा मला तुला सांगता येत नाही, अपू. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा लावत राहिलो. तिचे ओठ हलायला लागले. काही दिवसांनी त्या आवाजाच्या मागून, बुटक्या मुलाने मोठ्यांच्या मागे धावावं तसा, दुसरा आवाज यायला लागला. आधी नुसतं "काम". मग "ये काम". अक्षदाने टाळी वाजवली आणि आई लाजली.

मग एका सकाळी ते उघडेना. उतरवलेली प्रत ठरावीक दिवसांपुरतीच खाली राहते आणि मग आपोआप बंद होते, हे तू मला सांगितलं होतंस. किती दिवस हवी, या रकान्यात मी कमीत कमी आकडा घातला होता. काटकसर! वेणीफणी करून आई जागेवर येऊन बसली होती, डावा हात टेबलावर ठेवला होता, जसा ती रोज ठेवते. फाइलचं नाव दिसत होतं, तारीख दिसत होती, पण दाबलं की उघडायचं नाव नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मी परत दाबलं. मग तिने शिऱ्याची वाटी ढकलली, ती सतरंजीवर उपडी झाली, आणि ती रडायला लागली. काय हवं ते सांगता येत नाही म्हणून रडत होती. मी मागणी नोंदवली. उद्या दुपारपर्यंत येईल, असं उत्तर आलं. तुझा दुसरा प्रश्न मला त्या सकाळी सतरंजी पुसताना कळला. वस्तू क्वचित लागते म्हणून ती लागल्यावर थांबता येतंच असं नाही. तुझ्या आईला हे मलेरियाच्या वेळीच कळलं होतं.

तुला तेव्हाच का सांगितलं नाही? छाती काढून बोललो होतो ना, म्हणून. आणि तू नोकरी, घर, तिकडची धावपळ सांभाळून रोज दोनदा फोन करत होतीस, त्यात आणखी हे कशाला, असंही वाटलं. लॅपटॉपवर उतरवून का घेतलं नाही म्हणशील, तर त्या मुलाखती एवढ्या जड की माझ्या जुन्या लॅपटॉपच्या घशाखाली उतरेनात. निम्म्यावर आला की तो बापडा मान टाकायचा. मग मी आपला पुन्हा पुन्हा मागण्या नोंदवत राहिलो. जमेल तेवढा हिशेब लावून नोंदवायचो, तरी मधेच एखादी सकाळ चुकायची, आणि त्या सकाळी आई दिवसभर माझ्याकडे पाठ करून झोपायची.

बिल तुझ्याकडे जातं हे मी विसरलो नव्हतो. मी फोनची वाट बघत होतो. म्हटलं, आता विचारणार, बाबा, पुन्हा हवा देताय की काय? पण फोन आला नाही. जूनमध्ये, बाहेर आंधी येऊन घरभर धूळ झालेल्या दिवशी, मी लॅपटॉप पुसून उघडला तर पडद्यावर एक नवं खोकं होतं आणि त्याला नाव दिलं होतं 'दिवाण'. आत घीसालालजींची मुलाखत. दाबली. लगेच उघडली. मला वाटलं, चुकून झालं असेल, म्हणून बंद करून पुन्हा दाबली. पुन्हा लगेच. तेवढ्यात फोन वाजला आणि तुझा मेसेज दिसला.

तू काय केलं होतंस ते मला नंतर कळलं. कोणती फाइल पुन्हा पुन्हा मागवली जाते ते तू पाहिलंस, आणि कशासाठी, हे न विचारता ओळखलंस. जड मूळ प्रत माळ्यावरच राहू दिलीस, तिचं भाडं वाढवलं नाहीस; ऐकण्या-बघण्यापुरती हलकी प्रत काढून तेवढीच हाताशी ठेवलीस. सुट्टीचे दोन्ही दिवस तू त्यातच होतीस, हे कैवल्यने सांगितलं, तू नाही. बाकीचं काहीच हलवलं नाहीस. इतक्या सामानातून नेमकी एकच गोष्ट खाली घेतलीस, जिच्यासाठी थांबता येत नव्हतं. हिशेबाच्या बाईचं काम आणि लेकीचं काम एकाच वेळी केलंस, आणि वर बापाची लाजही राखलीस. स्वयंपाकघरातून आलेलं आईचं ते वाक्य मी ऐकून सोडून दिलं होतं. तू ते एवढी वर्षं जपून ठेवलंस.

मी तुझा मेसेज आईला वाचून दाखवला. ती दिवाणावरच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग डावा हात गादीवर हळूच थापटला. मला रडू आलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, काय लिहावं ते सुचत नव्हतं, म्हणून अंगठा. समजलं?

त्यानंतर एकही सकाळ चुकली नाही. पाऊस बेताचाच झाला, पण आमच्या दिवाणावर रोज बगरू भरायचं. नवरात्रापर्यंत ती घीसालालजींना विचारलेला अख्खा प्रश्न स्वतःच्या आवाजाबरोबर म्हणायला लागली. "चहा" आलं, "नको" आलं (हे जरा जास्तच आलं), तुझ्या फोटोकडे बघून "अपू" आलं, ते तू फोनवर ऐकलंसच. पण अक्षदाचं ते वाक्य काही येत नव्हतं. मी अधीर झालो की ती मुलगी मला दटावायची. "सर, तुम्ही घाई केली तर मॅडमना कळतं." आपल्या घरात एकमेकांचे आभार मानायची रीत नाही, माझी आई म्हणायची की घरच्याचे आभार मानले की तो पाहुणा होतो. पण अक्षदाचे मानतो, दशरथजींच्या बदलीचे मानतो, आणि तुझेही मानतो. झालीस पाहुणी तर हो. पाहुणी म्हणून तरी लवकर येशील.

आता काल काय झालं ते. तू मला ऑगस्टमध्ये व्हिडिओ कॉलवर सगळं शिकवलं होतंस: मागणी कशी नोंदवायची, हलकी प्रत कशी काढायची, मूळ प्रत न हलवता ती दिवाणात कशी ठेवायची. आजवर मी दर वेळी काहीतरी घोटाळा करून तुलाच फोन करायचो. काल रजया उतरवल्यावर अंगात जोर आला होता. म्हटलं, आज आपण स्वतः करू. छोटीबाईंची मुलाखत आदल्या दिवशी मागवून ठेवली होती, तीच घ्यायचं ठरवलं. त्या चिखलाचे ठसे मारायच्या आणि मधेमधे आईलाच रागवायच्या, आठवतात? आई रजई पांघरून शेजारी बसून बघत होती. मी वर्गात बोलावं तसा मोठ्याने बोलत एकेक पायरी केली आणि, तुझी शपथ, एकदाही न चुकता ती प्रत दिवाणात गेली. लावून पाहिली. आवाज आला, "बहनजी, ये काम आपको किसने सिखाया?" मी रोजच्यासारखा थांबलो, आई मागून म्हणेल म्हणून. ती म्हणाली नाही. ती पडद्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग रजईतून डावा हात काढून तिने माझ्या माऊसवरच्या हाताकडे बोट दाखवलं, आणि एकेक शब्द शोधत म्हणाली, "हे... कुणी... शिकवलं?" मराठीत, अपू. बगरूच्या कुठल्याच मुलाखतीत हे मराठीत नाही. हे तिने कुठेही ऐकलेलं नव्हतं, हे तिचं स्वतःचं होतं. मी म्हटलं, अपूने. तिने मान हलवली, घीसालालजींनी लावलं होतं तसं कानाच्या पाळीला बोट लावलं, आणि म्हणाली, "कळवा." अक्षदाला फोन केला, ती खरंच हातातलं काम टाकून आली. आणि तुला कळवायचं ते फोनवर नको, नीट लिहून कळवावं, असं मला वाटलं. तर आईने सांगितल्याप्रमाणे कळवतो आहे.

तुझाच विद्यार्थी,
बाबा